सव्वाचार मिनिटांचा तास

सकाळी ६:१०

पेठ वडगावच्या स्टँडजवळ वडापची जीप भरत आली आहे. ड्रायव्हर अजून दोघांची वाट बघतोय. मधल्या सीटवर एक मुलगी डबा मांडीवर घेऊन बसली आहे. आयटीआयचा टर्नर ट्रेड झाला, दोन वर्षांचा. आता शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये ॲप्रेंटिस आहे. करार वर्षाचा, महिना दुसरा. विद्यावेतन ९,००० रुपये. त्यातले १,५०० केंद्राच्या योजनेतून थेट खात्यावर येतात, बाकीचे ७,५०० कंपनी देते. वडापचे जायला वीस, यायला वीस. सव्वीस दिवस धरले तर १,०४० रुपये जीपवाल्याकडेच जातात. डबा घरचा, बूट कंपनीचे.

६:४०

शेड पत्र्याची. आत पाच सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी, कोपऱ्यात कंप्रेसर. रात्रपाळी अजून चालू आहे. दारातच कास्टिंगचे क्रेट रचलेत. माल जवळच्याच फाउंड्रीतून येतो. वाळूचा करडा थर अजून अंगावर असलेला.

ती बूट चढवते, ॲप्रन घालते, वेणी जाळीत कोंबते. बांगड्या, ओढणी, हातमोजे, तिन्ही गोष्टी फिरत्या चकजवळ चालत नाहीत. पहिल्या दिवशी सांगितलेली ही पहिली गोष्ट.

दाराशेजारी भिंतीवर एक मोठा तक्ता आहे. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत कामं: जॉब लावणे, मोजमाप, ऑफसेट, टिप बदलणे, जॉ बोअरिंग, सेटिंग. प्रत्येक चौकोनात एक गोल, गोलाचे चार भाग. नुसतं बघितलंय, तर एक भाग काळा. कुणी शेजारी उभं असताना करता येतं, तर दोन. एकट्याला जमतं, तर तीन. दुसऱ्याला शिकवता येतं, तर चारही. मोठ्या कंपनीचे ऑडिटर आले की आधी या तक्त्यापाशी थांबतात. मग यादीतलं एक नाव निवडतात आणि थेट त्या माणसाच्या मशिनवर जाऊन उभे राहतात. त्यामुळे इथे उगाच काळं करून चालत नाही.

६:५५

पाळी बदलायच्या आधी पाच मिनिटं सगळे तक्त्यासमोर उभे राहतात. खुर्ची नाही, बसायचं नाही. सेटर मधे. वय पन्नाशीच्या पुढं, मिशा पिकलेल्या. सगळे त्यांना मामा म्हणतात, मालकसुद्धा.

मामांच्या हातात कालचा एक जॉब आहे. फ्लँजच्या कडेवर टवका उडालेला.

"हे कशानं झालं?"

"क्रेटमधी टाकला आसंल," मागून कुणीतरी म्हणतं.

"टाकला न्हाई. ठेवला. पर खाली दुसरा जॉब हुता. मधी पुठ्ठा न्हवता. आजपास्नं थराला थर पुठ्ठा. झालं, चला."

दोन मिनिटं सव्वीस सेकंद लागली. उरलेल्या वेळात रात्रपाळीवाला मशिनचं रडगाणं सांगतो.

पूर्वी इथे ट्रेनिंग रविवारी व्हायचं. मालकांनी पुण्याहून एक साहेब आणला होता. पडदा, प्रोजेक्टर, समोसे. रात्रपाळी करून आलेले दोघे तिसऱ्या चित्रालाच पेंगले. सोमवारी साहेबांनी सांगितलेलं कुणाला विचारलं, तर समोसे बरे होते, एवढंच आठवत होतं. मग मालकांनी आठवड्यातल्या दिवशी दोन तास मशिनं बंद ठेवून वर्ग घेतला. पाच लेथ, तासाला साडेतीनशेचं काम, दोन तास. साडेतीन हजार रुपये. दुसरा वर्ग झाला नाही.

७:०५

तीन नंबरचं मशीन तिचं. मामा शेजारी उभे राहतात, हात मागं बांधून. ती मोठ्यानं बोलत तपासते. तसा नियमच आहे.

"हवेचं प्रेशर, सहा. हायड्रॉलिक ऑइल, खुणंच्या वर. चक प्रेशर, बारा. कूलंट..."

थांबते. टाकीत डोकावते.

"कूलंट कमी हाय, मामा."

"मग?"

ती बादली आणायला जाते. मामा हलत नाहीत. बादली उचलून द्यावीशी त्यांना वाटते, हे खांद्यावरून दिसतं. पण हात मागेच राहतात.

मग मोजायची हत्यारं. बोअर गेज सेटिंग रिंगमध्ये घालायचा. रिंगचा व्यास ७२.०००. गेज थोडा डुलवायचा, काटा जिथून परत फिरतो तिथं शून्य लावायचं. पहिल्या आठवड्यात तिला काटा कुठून परतला तेच समजत नव्हतं. आता दोनदा डुलवते आणि शून्य बसतं.

७:२५

जॉब म्हणजे बेअरिंगचं हाउसिंग. कास्ट आयर्न, एफजी २६० ग्रेड, वजन चार किलोच्या वर. पोटात ७२ मिलिमीटरचा बोअर. त्यात ६२०७ नंबरचं बेअरिंग बसणार. ड्रॉइंगवर ७२ एच ७ लिहिलंय. म्हणजे बोअर ७२.००० पेक्षा लहान नको आणि ७२.०३० पेक्षा मोठा नको. तीस मायक्रॉनची गल्ली. डोक्याचा केस याच्या दुप्पट जाड भरतो.

पहिला जॉब लागतो. दार बंद, हिरवं बटण. टरेट फिरतो, टूल आत शिरतं, काळी भुकटी उडायला लागते.

सायकल चार मिनिटं पंधरा सेकंदांची. जॉब काढायला-लावायला पन्नास सेकंद. म्हणजे सराईत ऑपरेटरचे तासाला अकरा-बारा जॉब, पाळीला ऐंशी. एका जॉबची मजुरी तीस रुपये.

मशीन कापतंय तोवरची ही सव्वाचार मिनिटं ऑपरेटरला मोकळी असतात. तशी अगदी मोकळी नाहीत. आधीच्या जॉबची बरी, म्हणजे कापलेल्या कडेवरची कूस, काढायची, जॉब पुसायचा, मोजायचा, वहीत आकडा लिहायचा. सरावाच्या हाताला त्यात दोन मिनिटं जातात. उरलेली दोन कुणी मोबाइलला देतं, कुणी तंबाखूला. मामा ती तिच्यासाठी वापरतात.

त्यांचा नियम एकच. एका सायकलला एक गोष्ट. दार उघडलं की बोलणं बंद, मग वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल.

७:४०

पहिला जॉब क्वालिटीच्या टेबलावरून पास होऊन येतो. बोअर ७२.०१६. आता धंदा सुरू.

८:४०

आजची गोष्ट ऑफसेट.

टूल घासतं. बोअर करणारी टिप, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, घासली की बोअर हळूहळू लहान येतो. मग कंट्रोलच्या स्क्रीनवर जाऊन टूलला सांगावं लागतं, की एवढं आणखी बाहेर सरक. हे सांगणं म्हणजे ऑफसेट. करायला दहा सेकंद लागतात. समजायला महिना जातो.

मामा खडूनं मशिनच्या पत्र्यावर एक गोल काढतात.

"प्लस म्हंजी मोठं. आत आसू दे, भाईर आसू दे. प्लस दिला की व्यास वाढणार. पटलं?"

"व्हय."

"भाईरचा व्यास मोठा झाला, तर?"

"परत कापायचा."

"आतला मोठा झाला, तर?"

ती क्षणभर गप्प. "तर गेला."

"गेला. म्हणून बोअर नेहमी..."

दार उघडतं. मामा तिथंच थांबतात. ती जॉब काढते, हवेनं चक झाडते, नवा लावते, दार लावते, बटण दाबते. मग मामांचं वाक्य तिथूनच पुढं सुरू होतं.

"...ल्हान ठिवून चालायचं. ल्हान राह्यला तर अजून घेता येतो."

पुढच्या सायकलला ती हेच मामांना सांगते. त्याच्या पुढच्या सायकलला आकडे. बोअर ७२.०१० आला, ७२.०१८ हवा, तर किती? ती बोटांवर मोजत नाही, वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी करते. प्लस ०.००८. मामा मान हलवतात आणि पाच नंबरच्या मशिनकडे निघून जातात. तिथं नवा जॉब लागायचा आहे. दोन तासांचं सेटिंग आहे.

९:३०

चहा. दहा मिनिटं. स्टीलची किटली, काचेचे ग्लास, एकेक खारी. चहा कंपनीचा. ज्याला वडा हवा त्यानं गेटबाहेरच्या गाडीवर पळायचं, पंधरा रुपये. अठरा जॉब झालेत. तिचं आजचं टार्गेट पंचावन्न.

या पंचावन्नला मागं गोष्ट आहे. सेटरला रोजचे शंभर रुपये इन्सेंटिव्ह मिळतात, त्याच्याकडच्या सगळ्या मशिनचं टार्गेट पुरं झालं तर. पगार चोवीस हजार, त्यावर हे. पूर्वी शिकाऊ पोराच्या मशिनलाही ऐंशीच धरायचे. ऐंशी होत नसत आणि शंभर बुडत. मग कुठला सेटर पोराला बटणाला हात लावू देईल? मामा स्वतःच चालवायचे आणि पोरगं चार-चार महिने बरी काढत बसायचं. मालक म्हणायचे, पोरं शिकत नाहीत. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं. शिकाऊच्या मशिनचं टार्गेट पहिले तीन महिने पंचावन्न केलं. कागदावर एक आकडा बदलला. मामांचे हात त्यानंतर मागे गेले.

१०:२५

मामा पाच नंबरवर, अर्धे मशिनच्या आत. ती एकटी.

वहीतले आकडे उतरत चाललेत. ७२.०१४. ७२.०११. ७२.००९. हा जॉब ७२.००६. शॉपचा स्वतःचा नियम आहे, ८ मायक्रॉनच्या खाली आलं की ऑफसेट द्यायचा. ती पाच नंबरकडे बघते. मामांचे फक्त बूट दिसतात.

ती स्क्रीनवर पान उघडते. वेअरची खिडकी. टूल नंबर तीन, एक्स. दहा मायक्रॉन द्यायचे. टाइप करते. इनपुट. दार बंद, बटण.

सव्वाचार मिनिटांनी जॉब बाहेर. पुसते. गेज घालते. काटा भलतीकडेच जातो. गेज चुकला असेल म्हणून रिंगमध्ये शून्य परत बघते. शून्य बरोबर. मग प्लग गेज उचलते. एका टोकाला गो, दुसऱ्याला नो-गो. गो आत जायला हवा, तो जातो. नो-गो अडायला हवा. तोही सर्रकन आत जातो, खाली बोट लावलं नसतं तर पलीकडून पडला असता.

ती पुढचा जॉब लावत नाही. मशिनवरचा पिवळा दिवा लावते. हेही शिकवलेलं.

१०:३५

मामा येतात. हात कापडाला पुसत. स्क्रीन बघत नाहीत, आधी जॉब बघतात.

"किती आला?"

"एकशे सहा मायक्रॉन वर."

"किती दिलास?"

"दहा."

"बोट कुठं कुठं ठेवलंस, ते दाव. बटण दाबू नगंस, नुसतं दाव."

ती दाखवते. शून्य, टिंब, मधलं एक शून्य बोटाखालून निसटलेलं, मग एक. ०.०१ ऐवजी ०.१. दहाच्या जागी शंभर. ते तिलाच दाखवताना दिसतं. मामांना काही सांगावं लागत नाही.

कास्टिंग चारशे रुपयांचं. ते फाउंड्रीला भरून द्यायचं. तीस रुपये मजुरीच्या हिशेबात तेरा जॉबची कमाई गेली. तासाभराच्या वर.

जॉबवर लाल रंगाचा पट्टा ओढून तो लाल ट्रेमध्ये जातो. वहीत कारणाचा रकाना आहे. तिथं 'ऑपरेटरची चूक' असं लिहायला इथे बंदी आहे, कारण ते लिहिलं की पुढं कुणी विचार करत नाही. ती लिहिते: ऑफसेटमध्ये एक शून्य कमी पडलं. मामा वाचतात, मग खाली आपल्या हातानं एक ओळ वाढवतात: मशिननं शंभर घेतले कसे?

११:३०

जेवण. अर्धा तास. पत्र्याच्या सावलीत सगळे डबे एकत्र उघडतात. भाकरी, पावट्याची आमटी, खर्डा, कुणाच्या तरी घरचं दही. ती आज कमी बोलते. मामा खर्डा पुढं सरकवतात.

"मी उद्यमनगरात शिकलो. साध्या लेथवर. पयलं वरीस निस्ता बुरादा झाडला. दिवसाचे वीस रुपये. उस्ताद टूलला धार लावायचा, तवा पाठ फिरवायचा."

"का?"

"मी शिकलो तर त्याला कोण इचारणार?"

"मग शिकला कसं?"

"त्यो जेवायला गेला, की टूल उचलून बघायचो. रात्री घरात साबणाच्या वडीवर तसाच कोन कोरायचो. आई वरडायची, साबण संपतोय म्हणून."

हेल्पर पोरगा हसतो. तो बिहारचा, गावाकडून येऊन चार महिने झालेत. पगार साडेबारा हजार. मराठी निम्मी कळते, साबणाचा मुद्दा बरोबर कळला.

दुपारी १२:१०

मशीन परत चालू. जॉब नीट निघतायत. पुढच्या सायकलला मामा हेल्परला हाक मारतात.

"ताईकडनं बोअर गेज शिक."

ती मामांकडे बघते. सकाळीच एक जॉब घालवलेली ती, आणि दुसऱ्याला शिकवायचं? पण मोजमापाच्या गोलात तिचे तीन भाग काळे आहेत. चौथा असाच भरतो.

"ये देख, ये रिंग है. बहत्तर. इसमें ऐसे डुलाने का."

"डुलाने का मतलब?"

ती हात धरून डुलवते. काटा पुढं जातो, थांबतो, परततो.

"किधर से वापस आया?"

"इधर से."

"परत. फिर से."

दार उघडतं, ती बोलणं तोडते, जॉब बदलते, परत येते. वाक्य राहिलं होतं तिथूनच सुरू करते. मामा लांबून बघतात. सहा सायकली झाल्यावर हेल्परचं आणि तिचं माप दोन मायक्रॉनच्या फरकानं जुळतं. तिच्या लक्षात एक नवी गोष्ट आली आहे. हेल्पर गेज उबदार मुठीत धरून ठेवतो, म्हणून आकडा सरकतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती गेज टेबलावर ठेवायला लावते.

१:१५

दुसरा चहा. शेहेचाळीस जॉब झालेत.

१:४०

टिप बदलायची वेळ. बाहेरून कापणाऱ्या टिपेला चार धारा असतात, वरून दोन, खालून दोन. बोअरच्या टिपेला दोनच. किंमत अडीचशेच्या आसपास, म्हणजे एक धार सव्वाशेची. ती वेळेआधी फिरवली तर पैसे वाया, उशिरा फिरवली तर जॉब वाया.

ती चावीनं स्क्रू सोडते. टिप काढून नखावर धार ओढून बघते, मामांसारखीच. बसायची जागा हवेनं झाडते, मग बोटानं चाचपते. तिथं एक कण राहिला तरी टिप तिरकी बसते. टिप फिरवून बसवते, स्क्रू आवळते. फार जोर नाही, मनगटाचा.

"आता?" मामा विचारतात.

"नवी धार. बोअर मोठा यील. आधी मायनस."

"किती?"

"पन्नास मायक्रॉन." ती टाइप करते, पण इनपुट दाबत नाही. आकडा मोठ्यानं वाचते. "मायनस, शून्य, टिंब, शून्य, पाच." मग दाबते.

जॉब लहान येतो, ७१.९७४. येणारच होता. आता प्लस किती? चव्वेचाळीस दिले तर ७२.०१८. ती परत मोठ्यानं वाचते. तोच जॉब परत चालतो आणि ७२.०१७ वर येतो. दहा मिनिटं गेली. जॉब गेला नाही.

२:२०

मामा कंट्रोलसमोर बसलेत. चष्मा नाकावर, हातात मशिनचं जाडं मॅन्युअल. एका वेळी किती वेअर ऑफसेट स्वीकारायचा, याची मर्यादा मशिनला घालून देता येते. ती घातलेलीच नव्हती. मामा साठ मायक्रॉन भरतात. मग तिला बोलावतात.

"०.१ टाक."

ती टाकते. मशीन नाकारतं.

"आता उरलेली चार मशिनं. तुझी साफसफाई झाली की दोघं मिळून करू. पान नंबर लिहून घे."

ती वहीत पान नंबर लिहिते.

२:४५

मशीन बंद. काळी भुकटी ब्रशनं ओढून पाटीत भरायची. भंगारवाला ती किलोवर नेतो. सरकत्या पट्ट्यांवर तेलाचं बोट. हात साबणाच्या पावडरीनं तीनदा धुतले तरी नखं काळीच.

वहीत बेरीज: एकूण ५७, चांगले ५६, रिजेक्ट १. टार्गेट पंचावन्न. मामांचे शंभर रुपये वाचले. त्यावर कुणी काही बोलत नाही.

३:०५

दुसरी पाळी आत आली आहे. मामा तक्त्यापाशी मार्कर घेऊन उभे. मोजमापाच्या गोलातला तिचा चौथा भाग काळा करतात. ऑफसेटच्या गोलाकडे जातात. तिथं दोन भाग भरलेत. मार्करचं टोपण लावतात.

"तिसरा आजून न्हाई."

"आज टिपेला बरोबर दिला की."

"मी बाजूला हुतो."

ती वाद घालत नाही. मामा बाहेरच्या क्रेटकडे जातात. तिथं फाउंड्रीनं बदलून द्यायची कास्टिंग वेगळी ठेवलीत. ब्लोहोलची, वाळू धरलेली, ज्यांचे पैसे कुणालाच द्यायचे नाहीत. त्यातली तीन निवडून ते खडूनं त्यांवर 'शिकायला' लिहितात.

"ही उद्याला. तिन्ही बोअर घालवलेस तरी चालतंय. मी पाच नंबरवर आसंन, हिकडं येनार न्हाई. सकाळी साडेसहाला ये, पाळीच्या आधी अर्धा तास मशीन मोकळं करून घेतो. रात्रपाळीला मी सांगतो."

"साडेसहाला पोचंल अशी वडाप मिळत न्हाई मामा. पयली गाडी सहा-दहाला भरती."

मामा विचार करतात. "मग तीननंतर थांब. पर मालकाकडनं जादा अर्ध्या तासाचं लिहून घेतो आधी. फुकट थांबू नगंस."

चार नंबरच्या मशिनचं पॅरामीटरचं पान अजून उघडायचं आहे. ती वही काढते.